आम्ही सगळेच अ‍ॅडमिन

"गेल्या महिन्यात चौथ्या मजल्यावरच्या स्विचवर हा पोर्ट कोणी बंद केला?"

"अ‍ॅडमिनने."

"अ‍ॅडमिन कोण?"

नेटवर्क टीमने एकमेकांकडे पाहिलं. मग त्यातल्या ज्येष्ठाने सगळ्यांच्या वतीने कबुली दिली, "आम्ही सगळेच."

ऑडिटरने पेन खाली ठेवलं. हिंजवडीपासून अंधेरीपर्यंतच्या कितीतरी ऑफिसांत दर वर्षी थोड्याफार फरकाने हाच संवाद होतो. इमारतीतले सगळे स्विच, राउटर आणि फायरवॉल एकाच नावाने आणि एकाच पासवर्डने उघडतात. तो पासवर्ड टीमला माहीत असतो, व्हेंडरच्या पोरांना माहीत असतो, आणि व्हेंडर बदलल्यावर जुन्या व्हेंडरच्या पोरांना तर तोंडपाठ असतो. एकदा पासवर्ड बदलला, तेव्हा एसीचे फिल्टर साफ करायला आलेल्या माणसानेच तक्रार केली म्हणतात, "साहेब, बदललात तर सांगायचं तरी!"

नोंदी ठेवण्यात मात्र कुठेही कसूर नसते. 'सर्ट-इन' या सरकारी यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढला. यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या, आणि सगळ्यांची घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची. ऑफिसने दोन्ही गोष्टी निष्ठेने केल्या. त्यामुळे पोर्ट कधी बंद झाला हे सेकंदापर्यंत अचूक सांगता येत होतं. कोणी केला, तर अ‍ॅडमिनने. १८० दिवस, हजारो ओळी, आणि सगळा पराक्रम एकट्या अ‍ॅडमिनच्या नावावर.

ऑडिटरने लिहिलं, "प्रत्येकाला स्वतंत्र यूजर आयडी नाही. तीस दिवसांत पॉइंट क्लोज करावा." आणि एका बऱ्यापैकी सुखी टीमच्या आयुष्यात ऑथेंटिकेशन सर्व्हर आला.

हा सर्व्हर करतो काय? लग्नाच्या कार्यालयात दाराशी उभा केलेला पुतण्या पाहुण्यांना ओळखत नाही. तो प्रत्येकाला नाव विचारतो, आत जाऊन काकांना सांगतो, आणि काका म्हणतात, "येऊ दे, मुलाकडचे आहेत," किंवा "हा कोण? आपल्याकडचा नाही." इथे स्विच म्हणजे पुतण्या आणि सर्व्हर म्हणजे काका. माणूस कोण, त्याला कुठपर्यंत जाऊ द्यायचं, आणि तो किती वाजता आला-गेला, ही तीन कामं काकांकडे. या तीन कामांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं घेऊन त्याला 'ट्रिपल ए' म्हणतात. बॅटरीच्या सेललाही तेच म्हणतात. त्यामुळे खरेदी विभागाकडून पहिल्या मागणीपत्राला आलेलं उत्तर इथे न सांगितलेलंच बरं.

मग मीटिंग झाली. काका दोन घराण्यांतले मिळतात. एक रेडियस. लिव्हिंग्स्टन एंटरप्रायझेस या अमेरिकन कंपनीने १९९१ मध्ये मेरिट नेटवर्कसाठी तो बनवला. मोडेमवरून फोन लावून आत येणाऱ्यांची ओळख पटवणं हे त्याचं मूळ काम. दुसरा टॅकॅक्स प्लस. त्याचे पूर्वज १९८४ च्या सुमारास अमेरिकी लष्कराच्या मिलनेटवर नोकरीला होते, पुढे सिस्कोने त्याला नवं रूप दिलं. रेडियस निरोपातला फक्त पासवर्ड झाकतो, बाकी मजकूर उघडा पाठवतो. टॅकॅक्स प्लस सगळा निरोप झाकतो, आणि माणसाने टाइप केलेली एकेक कमांड तपासून तिची नोंदही ठेवतो. म्हणजे ऑडिटरला हवं होतं ते नेमकं दुसऱ्याकडे होतं. टीममधल्या सर्वांत ज्युनियर मुलीने हे बोलून दाखवलं.

"आपल्याकडे आत्ता कोणता आहे?" साहेबांनी विचारलं.

"वायफायसाठी रेडियस आहे, सर."

"मग प्रश्न कुठे आहे?"

प्रश्न मिटला.

पुढचा विषय शेअर्ड सीक्रेटचा. स्विच आणि सर्व्हर यांच्यातला हा गुप्त शब्द दोन्हीकडे अक्षरन् अक्षर सारखा लागतो. रेडियसवरच्या झाकण्या-उघडण्याची सगळी मदार त्याच्यावर. म्हणून असं ठरलं की तो बत्तीस अक्षरांचा असावा, आणि कोणा एकाला पूर्ण माहीत नसावा. पहिली सोळा अक्षरं एकाने ठरवायची, उरलेली सोळा दुसऱ्याने. व्यवस्था इतकी चोख होती की साहेबांनी स्वतः मान डोलावली. मग त्या दोघांनी आपापली सोळा अक्षरं एकमेकांना ईमेलने पाठवली, आणि कॉपीत सगळ्या टीमला ठेवलं.

चेंज विंडो मिळाली शनिवारी रात्री अकराची. सुरुवात चौथ्या मजल्यावरच्या छोट्या स्विचपासून करावी, असं ज्युनियर मुलीचं म्हणणं होतं. ज्येष्ठ म्हणाले, "मोठं काम आधी उरकू." म्हणून आधी मुख्य स्विच घेतला. इमारतीतली प्रत्येक वायर शेवटी त्याच्याकडेच येते, ऑथेंटिकेशन सर्व्हरचीसुद्धा.

या कामातल्या जुन्या खोडांचे दोन नियम आहेत. पहिला, लॉगिन केलेली एक खिडकी उघडीच ठेवायची. दुसरा, काम सुरू करण्याआधी 'रीलोड इन १०' अशी कमांड द्यायची. आपण बाहेर अडकलो तर दहा मिनिटांनी स्विच आपोआप बंद होऊन जुन्या, सेव्ह केलेल्या कॉन्फिगवर परत उठतो. जुनिपरच्या उपकरणांत यासाठी जास्त सभ्य सोय आहे. 'कमिट कन्फर्म्ड' म्हटलं की दहा मिनिटांत दुजोरा न मिळाल्यास बदल आपोआप मागे घेतला जातो, यंत्र बंद पडत नाही. दोन्ही कंपन्यांच्या अभियंत्यांनी एक गोष्ट गृहीतच धरली आहे. कुलूप बसवणारा कुलूप बसवताना स्वतःच बाहेर राहणार. त्याला आत परत घ्यायचं कसं, एवढाच काय तो मतभेद.

नियम पाळून ज्येष्ठांनी कॉन्फिग भरलं. दुसऱ्या खिडकीतून स्वतःच्या नावाने लॉगिन केलं. काहीच झालं नाही. पाच सेकंद गेले, मग पाच, मग आणखी पाच.

रेडियसचा हा स्वभाव नवख्याला रडवतो. अनोळखी यंत्राकडून विचारणा आली तर 'नाही' म्हणू नये, चूक सांगू नये, निरोप मुकाट्याने टाकून द्यावा, असं त्याच्या नियमपुस्तकातच लिहिलं आहे. सुरक्षेच्या दृष्टीने हे उत्तमच. पण रात्री साडेअकराला समोरचा रागावलाय, झोपलाय की त्याला निरोपच पोचला नाही, हे कळायला मार्ग नसतो.

पहिलं कारण पोर्टचं निघालं. रेडियसने सुरुवातीच्या काळात १६४५ हा पोर्ट वापरला, पण तो नंबर दुसऱ्याच एका सेवेच्या नावावर होता. मग अधिकृत क्रमांक १८१२ मिळाला, तोही गेल्या शतकात. तरीही सिस्कोच्या कित्येक उपकरणांना नंबर सांगितला नाही तर ती आजही १६४५ वरच जाऊन दार वाजवतात, आणि सर्व्हर १८१२ वर कान लावून बसलेला असतो.

पोर्ट जुळवला. पुन्हा सामसूम. आता सर्व्हरच्या लॉगमध्ये एक ओळ दिसली, अनोळखी क्लायंटकडून विचारणा, दुर्लक्ष केलं. मुख्य स्विचला आयपी पत्ते डझनावारी. सर्व्हरवर त्यातला एक नोंदवलेला होता, आणि स्विच निरोप पाठवत होता दुसऱ्याच पत्त्यावरून. कोणत्या पत्त्यावरून बोलायचं हे स्विचला वेगळं सांगावं लागतं. ते सांगितलं.

आता सर्व्हर बोलला. नावानिशी बोलला. विनंती आली, यूजर अमुक, पासवर्ड तमुक. तमुकच्या जागी मात्र चौकोन, प्रश्नचिन्हं आणि काळ्या ठिपक्यांची रांगोळी होती. खाली फ्रीरेडियसने, म्हणजे सर्व्हरवरच्या रेडियसच्या सॉफ्टवेअरने, समजूतदारपणे सुचवलं होतं की पासवर्डमध्ये न छापता येणारी अक्षरं दिसतात, दोन्हीकडचं शेअर्ड सीक्रेट तपासून बघा.

"माझी सोळा बरोबर आहेत," एक म्हणाला.

"मग काय, माझी चुकली?" दुसरा म्हणाला.

दोघांचीही बरोबर होती. ईमेलमधून उचलताना दुसऱ्या सोळांच्या शेपटीला एक रिकामी जागा चिकटून आली होती. रिकामी जागा दिसत नाही, आणि जी दिसत नाही तिच्यावर भांडण मात्र भरपूर होतं. बारा वाजून गेले होते. शेवटी ज्येष्ठांनी तोडगा काढला, "ते बत्तीस राहू दे. आत्तापुरतं टेस्टिंग१२३ टाका. सकाळी बदलू." टेस्टिंग१२३ हा फ्रीरेडियसच्या नमुना फाइलमध्ये छापून येणारा शब्द. जगात जिथे जिथे हा सर्व्हर पहिल्यांदा चालू होतो, तिथे चाचणीसाठी तो समोर तयार असतो.

टाकला. लॉगिन झालं. पडद्यावर अक्षरं उमटली, "ऑथरायझेशन फेल्ड," आणि खिडकी बंद झाली. म्हणजे तुम्ही कोण ते पटलं, आता या. सर्व्हरने होकार दिला होता, पण या माणसाला आत कशासाठी घ्यायचं हे उत्तरात लिहिलं नव्हतं. ती ओळ घातली. आणि साडेबाराच्या सुमारास त्या ऑफिसच्या इतिहासात पहिल्यांदाच एक माणूस स्वतःच्या नावाने मुख्य स्विचमध्ये शिरला.

आनंदाच्या भरात ज्येष्ठांनी कॉन्फिग सेव्ह केलं, उघडी खिडकी बंद केली आणि सगळे खाली टपरीवर गेले.

मधल्या खटपटीत 'रीलोड इन १०' पुढे ढकलण्यासाठी दोनदा नव्याने दिली गेली होती. 'रीलोड कॅन्सल' मात्र एकदाही नाही. चहाचा पहिला घोट घशाखाली उतरतो तोच फोन वाजला. अमेरिकेच्या शिफ्टचा होता. "आमचं सगळंच गेलंय. तुमच्याकडे काही काम चाललंय का?"

"नाही, नाही, काम तर केव्हाच झालं."

वर धावत आले, तर सर्व्हर रूमचं दार उघडेना. कार्ड रीडरचा कंट्रोलर त्याच नेटवर्कवर. सिक्युरिटीवाले काका किल्ली घेऊन आले, पण त्यांचेही काही नियम होते.

"आयडी दाखवा."

"अहो काका, रोज बघता की मला!"

"रोज बघतो, पण आज दार उघडून मागताय. रजिस्टरमध्ये नाव, वेळ आणि कारण लिहा." अख्ख्या कंपनीत माणसागणिक नोंद ठेवणारी तेवढी एकच यंत्रणा चालू होती, आणि ती दोनशे पानी वहीत होती.

यात लाजण्यासारखं काही नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास जगातून नाहीसे झाले, त्यामागे नेहमीच्या देखभालीत दिली गेलेली एक कमांड होती. चुकीची कमांड अडवणारं साधनही त्यांच्याकडे होतं. त्याच साधनात बग निघाला. आणि डेटा सेंटर बाहेरच्यांना शिरता येऊ नये अशी मुद्दाम बांधलेली, त्यामुळे दुरुस्तीला पाठवलेल्या स्वतःच्याच अभियंत्यांना आत पोचायला वेळ लागला, हे कंपनीने नंतर स्वतः लिहून मान्य केलं.

इथे आत पोचून कन्सोल केबल जोडली. निळी, चपटी, थेट स्विचच्या पोटात जाणारी ही वायर म्हणजे नेटवर्कवाल्याचा शेवटचा आधार. पण कॉन्फिगमध्ये नियम 'डीफॉल्ट' या नावाखाली लिहिला की तो कन्सोललाही लागू होतो. स्विचने शांतपणे नाव आणि पासवर्ड मागितला, सर्व्हरला विचारायला गेला, आणि सर्व्हर सापडेना. सर्व्हरची वायर याच स्विचमध्ये होती, आणि स्विचचे बाकीचे पोर्ट अजून डोळे चोळत होते. अशा वेळी स्विचमधला स्थानिक पासवर्ड चालतो. तो सुरक्षेसाठी संध्याकाळीच बदलला होता आणि सीलबंद पाकिटात घालून अकाउंट्सच्या तिजोरीत ठेवला होता. तिजोरीची किल्ली ज्यांच्याकडे, ते साहेब जोडून सुट्टी घेऊन कोल्हापूरला गेले होते.

पुढच्या काही मिनिटांत कोणी काहीच केलं नाही. तेवढ्यात स्विच पूर्ण चालू झाला, सर्व्हर दिसू लागला, अमेरिकेचा फोन थांबला. सोमवारच्या अहवालात लिहिलं गेलं, "टीमच्या तातडीच्या उपाययोजनांमुळे सेवा अल्पावधीत पूर्ववत."

पाकिटाचा तेवढा बोध घेतला गेला. स्थानिक पासवर्ड आता सगळ्यांना माहीत असावा, असं ठरलं. याच्या उलट टोकाचं उदाहरण सॅन फ्रान्सिस्को शहराने २००८ मध्ये पाहिलं. महापालिकेच्या नेटवर्कचे पासवर्ड एका अभियंत्याने फक्त स्वतःपाशी ठेवले, आणि वरिष्ठांना द्यायला नकार दिला. त्याला अटक झाली, तरी त्याने ते दिले नाहीत. शेवटी महापौर गॅव्हिन न्यूसम स्वतः तुरुंगात भेटायला गेले, तेव्हा कुठे त्यांच्याकडे सुपूर्द केले. २०१० मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. या सगळ्या काळात नेटवर्क मात्र बिनतक्रार चालू होतं, हे इथल्या ज्येष्ठांनी दोन वेळा सांगितलं.

सोमवारी साहेबांना लॉगिन करून बघायचं होतं. त्यापूर्वी कधी केलं नव्हतं, पण आता स्वतःच्या नावाचं होतं. प्रश्न अधिकाराचा आला. सिस्कोच्या जगात शून्यापासून पंधरापर्यंत सोळा पायऱ्या आहेत. पहिलीवर माणूस फक्त बघू शकतो, पंधराव्या पायरीवर वाट्टेल ते करू शकतो. मधल्या पायऱ्या रिकाम्याच असतात, कारण मधल्या पायरीवर उभं राहायला कोणीच तयार नसतं.

"सर, तुम्हाला बघण्यापुरता दिलाय."

"टीमला किती आहे?"

"पंधरा."

साहेब काही बोलले नाहीत. दुपारपर्यंत साहेबांना पंधरा मिळाला. संध्याकाळपर्यंत साहेबांच्या साहेबांनाही. सोळावी पायरी असते का, याची चौकशी झाली.

मग साहेबांनी पासवर्ड चुकवला. "राहू दे, तो लोकलवाला चालेल ना?" चालला नाही. इथे भल्याभल्यांची गफलत होते. सर्व्हर उत्तरच देत नसेल तरच स्थानिक पासवर्डाची पाळी येते. सर्व्हरने स्पष्ट 'नाही' म्हटलं की विषय संपला. ज्युनियर मुलीने हे नीट समजावून सांगितलं. साहेबांनी सार काढलं, "म्हणजे सर्व्हरची वायर काढली तर मला आत जाता येईल?" तांत्रिकदृष्ट्या ते अगदी बरोबर होतं, आणि दुर्दैवाने ते सगळ्यांनी ऐकलं.

आता प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड आला, म्हणजे पासवर्डाचं धोरणही आलं. एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, दर नव्वद दिवसांनी बदल. पहिल्या फेरीत टीमने 'गणपती@१' ठेवला, दुसऱ्या फेरीत 'गणपती@२'. विसर्जन कधीच झालं नाही. हे नियम जगभर पसरवणाऱ्या २००३ च्या अमेरिकी सरकारी दस्तऐवजाचे लेखक बिल बर यांनी २०१७ मध्ये त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा पश्चात्ताप होतो असं जाहीर सांगितलं, आणि त्याच वर्षी तो दस्तऐवज काढणाऱ्या सरकारी संस्थेने सक्तीने ठरावीक काळाने पासवर्ड बदलायला लावणं मागे घेतलं. ही बातमी धोरण लिहिणाऱ्यांपर्यंत अजून पोचायची आहे. तशी पासवर्डाची कुंडलीच विचित्र. अमेरिकेतल्या एमआयटीच्या सामाईक संगणकावर पासवर्ड साठच्या दशकाच्या सुरुवातीला आले, आणि १९६६ मध्ये तिथे दोन फाइलींची अदलाबदल होऊन लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या संदेशाऐवजी सगळ्यांच्या पासवर्डांची यादी दिसू लागली.

तीस दिवस भरले आणि ऑडिटर आले. लॉगमध्ये आता खरी नावं होती. कोण किती वाजता आत आलं, किती वाजता बाहेर पडलं. ऑडिटर खूश झाले. मग म्हणाले, "आत जाऊन काय केलं ते कुठे आहे?"

"ते टॅकॅक्समध्ये येतं, सर."

"मग तो का नाही घेतला?"

सगळ्यांनी ज्युनियर मुलीकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. पॉइंट 'अंशतः क्लोज' झाला. शिवाय रोज रात्री कॉन्फिगचा बॅकअप घेणारी एक स्क्रिप्ट जुन्या अ‍ॅडमिनच्या नावाने अजून येत-जात होती. तिला स्वतंत्र नाव द्यायचं, तर ती लिहिली कोणी हे आधी शोधावं लागलं असतं.

पुढे जुलै २०२४ मध्ये संशोधकांनी 'ब्लास्ट-रेडियस' नावाचा हल्ला जाहीर केला. रेडियस ज्या एमडी५ या गणितावर विसंबून आहे त्याची कमजोरी २००४ पासून जगजाहीर होती, पण तीस-पस्तीस वर्षांच्या म्हाताऱ्याला कोणी हात लावला नव्हता. स्विच आणि सर्व्हर यांच्या मधोमध बसलेला इसम सर्व्हरच्या 'नाही'चं वाटेतच 'हो' करू शकतो, असं सिद्ध झालं. उपाय होता सर्व्हर अपग्रेड करायचा आणि प्रत्येक निरोपावर जास्तीची सही सक्तीची करायची. परिपत्रक आलं. नवा सर्व्हर उभा राहिला. सगळ्या स्विचची नावं त्यात भरली, आणि फॉर्ममधला एक रकाना रिकामा राहिला.

"शेअर्ड सीक्रेट काय आहे आपलं?"

ज्येष्ठ आता टोरांटोत होते. त्यांना फोन लावला.

"बत्तीस अक्षरी होता," पलीकडून आवाज आला. "सोळा माझी होती. पण आता कुठली आठवायला! स्विचच्या कॉन्फिगमध्ये बघा ना, सात नंबरच्या एन्क्रिप्शनने ठेवलाय. तो उलटा फिरवता येतो."

सिस्कोचं हे सात नंबरचं झाकण नव्वदच्या दशकापासून उघडं पडलेलं आहे. खांद्यावरून डोकावणाऱ्याला पासवर्ड सहज वाचता येऊ नये, एवढाच त्याचा दावा. कुठल्याही वेबसाइटवर ती आकड्यांची माळ टाकली की एका सेकंदात मूळ शब्द हातात. सुरक्षा इतकी तकलादू आहे हे कळताच त्या खोलीत सगळ्यांना हायसं वाटलं. ज्युनियर मुलीने माळ टाकली, बटण दाबलं आणि लॅपटॉप साहेबांकडे वळवला.

पडद्यावर टेस्टिंग१२३ होता.

"हा बदलायला हवा, सर. सगळ्या स्विचवर बदलावा लागेल. शनिवारी रात्री विंडो घेऊ या का?"

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, कॅलेंडरकडे पाहिलं. "चालू आहे ना सगळं?"

"हो, चालू आहे."

"मग आत्ता हात लावू नका. पुढच्या ऑडिटच्या आधी बघू."